माझ्या नावाने कुणाची पिशवी काढू नका

माझ्या धाकट्या जावेची सून रोहिणी, तिची पिशवी काढायची तारीख ठरली आहे, हे मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं. हे डेअरीवर दूध घालायला गेले होते, तिथे माझे दीर भेटले. म्हणाले म्हणे, "वैनीला झालं ते बघून आमी धसकाच घेतलाय. पोरीची वेळंतच काढून टाकतो." रोहिणी अठ्ठावीस वर्षांची आहे. एक मुलगा, एक मुलगी. अंगावरून पांढरं जातं आणि ओटीपोटात दुखतं, एवढाच तिचा गुन्हा.

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या राहुरी भागात बायका तो शब्द उच्चारत नाहीत, पिशवी म्हणतात, आणि बाजाराची पिशवी फाटली की टाकून द्यावी तसं तिच्याबद्दल बोलतात. माझ्या पिशवीला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले आणि मी वाचले. आता गावात कुणाच्या पोटात जरा दुखलं की माझं नाव निघतं. "मंगलबाईचं काय झालं बघितलं ना?" काय झालं ते मात्र कुणी मला विचारत नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. बायकांच्या घरी जाऊन "अंगावर काढू नका" हे सांगण्याचं मला मानधन मिळतं. तेव्हा माझं काय झालं, तेही मीच सांगते. रोहिणीची तारीख पुढच्या सोमवारची आहे, त्याआधी हे तिच्या हातात पडलं पाहिजे.

चार दिवस बाहेर

त्या नवरात्रात दुसऱ्या माळेला मला डाग दिसला. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरात घट थोरल्या सुनेने बसवायचा अशी रीत आहे. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी नेमकी त्याच दिवसांत अडचण यायची आणि घट जावेच्या हातात जायचा. पाळी गेल्यापासून ती कटकट संपली होती. बाई मोकळी झाली की देवाच्या कामात तिचा भाव वधारतो, आणि मला ते आवडत होतं.

मी शकूला सांगितलं. शकू म्हणजे माझी धाकटी जाऊ, रोहिणीची सासू. तिचं घर आमच्या वस्तीला लागूनच आहे. ती पदर तोंडाला लावून हसली. "आक्का, या वयात? म्हंजी अंगात अजून ताकद हाय म्हनायची! मला तर तिसाव्या वर्षीच मोकळं केलं डॉक्टरनी." मग लगेच म्हणाली, "पन आता घटाला शिवू नगा. रोहिणी घालंल पानी."

मी पडवीत चटई टाकून बसले. चहा वरून ओतला जाई, भाकरी लांबून सरकवली जाई. रोहिणीची पोरं म्हणायची, आजीला कावळा शिवला. शेजारणी येऊन थट्टा करून गेल्या. खरं सांगते, मलाही त्यात थोडं गोड वाटलं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, चटई धुऊन वाळत घातली आणि कामाला लागले.

दिवाळीनंतर पुन्हा तेच झालं. पुन्हा चटई, पुन्हा चार दिवस. रक्त दिसलं तर काय करायचं याचं उत्तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं, त्यामुळे प्रश्न विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही कुणी काही लपवलं नाही की टाळलं नाही. रीत अगदी बिनचूक पाळली. अंगणवाडीच्या भिंतीवर मीच चिकटवलेला तक्ता होता, 'पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना दाखवा.' तो सरळ लागलाय की वाकडा, एवढंच मी बघितलं होतं.

संक्रांतीला माझी मुलगी सोनाली आली. ती नगरला असते, एका पतसंस्थेत नोकरी करते. ववशाला देवळात निघायच्या गडबडीत तिने मला पडवीत बसलेलं बघितलं.

"आई, तू बाहेर का बसलीस?"

"अडचण आहे."

"तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"आली असेल परत. शकूकाकी म्हणते अंगात ताकद आहे."

सोनालीने हातातलं वाण खाली ठेवलं. "आई, गेलेली पाळी अशी परत येत नसते. हे दुसरं काहीतरी आहे." आणि मग जी ओरडली ती चार घरांत ऐकू गेली. तिच्या ओरडण्याची मी आयुष्यभर ऋणी आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

द्राक्षं

नगरला सोनोग्राफी झाली. आतलं अस्तर जाड दिसत होतं म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. "मंगलताई, तुकड्यात कॅन्सर निघालाय. लवकर सापडला असावा असं दिसतंय, पण नक्की काय ते ऑपरेशननंतरच कळेल."

टेबलावर गर्भाशयाचा प्लास्टिकचा नमुना होता. जेमतेम पेरूएवढा. मी त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्याशा जागेत माझी सोनाली वाढली होती. "पण मला तर काहीच दुखत नाही," मी म्हणाले. दुखत नाही म्हणजे चूक त्यांचीच असणार, असं मला मनापासून वाटत होतं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला दुखत नाहीच. तुम्हाला रक्त दिसलं हे नशीब समजा." ज्या रक्तामुळे मला घटाजवळून उठवलं, त्याला कुणी नशीब म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

ह्यांना काहीतरी विचारायचं होतं. दोनदा घसा खाकरला आणि शेवटी म्हणाले, "गाडी कुठं लावायची असती इथं, रोजची यायची झाली तर?" आम्ही एसटीने आलो होतो.

राहुरीच्या स्टँडवर उतरल्यावर ह्यांनी मला न विचारता द्राक्षं घेतली. चांगली, लांबट, महाग. आजाऱ्याला भेटायला जाताना घेतात तशी. तोपर्यंत मी डॉक्टरांचं बोलणं नुसतं ऐकत होते. ती द्राक्षं हातात आली आणि मला रडू फुटलं.

दोन दिवसांत घरी

बातमी भावकीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी दीर आणि शकू आले. दिरांचं म्हणणं सरळ होतं. पिशवीच काढायची ना? मग जवळच्या दवाखान्यात काढू. अख्ख्या गावच्या तिथंच निघाल्यात. दोन दिवसांत घरी.

"माझी न्हाई का काढली?" शकू म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी शेन काढायला हुते गोठ्यात."

हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं आणि दरवेळी मला तिचं कौतुक वाटलं होतं. त्या दिवशी मात्र नगरच्या डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. त्यांनी समजावलं होतं की कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं. आधी एमआरआय करून तो किती पसरलाय ते बघायचं, मग पिशवीबरोबर अंडाशय काढायचे, जवळच्या लसिकाग्रंथी, म्हणजे बारक्या गाठी, काढून तपासायच्या. घाईने नुसती पिशवी काढली तर मागे काय राहिलं ते कळत नाही.

आमचे हे दिरांच्या बाजूने होते. ऊसतोडीची टोळी आमच्या शेतात येऊन उभी होती, गोठ्यात दोन गाया नुकत्या व्यायलेल्या. "नगरला कोन ऱ्हानार? हितं कोन बघनार?" ते म्हणाले. सोनाली फोनवरून बापाशी कचाकचा भांडली. दोघंही माझ्या काळजीनेच भांडत होते, पण बराच वेळ मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. मी चहा करत होते. घरात बैठक बसली की मी चहा करते, मग ती माझ्या पोटाची का असेना.

कप आणून ठेवले आणि म्हणाले, "मी नगरला जाणार आहे."

एवढंच. पण ते बोलायला मला आत जाऊन आधी पाणी प्यावं लागलं होतं. हे उठून गोठ्यात गेले. रागावले असं वाटलं. बऱ्याच वेळाने आले ते माळ्यावरची बॅग झटकत. "ह्यात मावतील का कपडे, का सोनीची मोठी मागवू?"

भीती

लोक मला म्हणतात, तू किती धीराची. धीरबीर काही नव्हता. मला मरायची भीती वाटत होती आणि ती फार बारक्या बारक्या गोष्टींतून यायची. भरल्या वांग्याला मसाला भाजताना वाटायचं, ह्यांना हा जमणार नाही. अंगणवाडीत पोरांची वजनं घेताना वाटायचं, पुढच्या महिन्याचं वजन कोण घेईल? एकदा तर माझा हार घातलेला फोटो कोणत्या साडीतला लावतील याचा विचार करत बसले. सोनालीच्या लग्नातला नको, त्यात मी डोळे मिटलेत. हे मी हसत हसत सोनालीला सांगितलं, तर ती हसली नाही. मग मी तिच्यासमोर असलं बोलणं बंद केलं. पण तिच्यासमोर बोलायचं नाही, ह्यांच्यासमोर बोलायचं नाही, असं करत करत बोलायला कुणी उरत नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांनी एक माणूस धरून ठेवावं, ज्याच्यापुढे घाबरता येतं. मला तशी बाई पुढे मिळाली, पण फार उशिरा.

ऑपरेशन

ऑपरेशनच्या सकाळी हातातल्या काचेच्या बांगड्या निघेनात. सिस्टरने साबण लावून एकेक सरकवली, शेवटच्या दोन फुटल्या. मंगळसूत्र काढून ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशावर हात दाबून धरला. सोनाली सांगते की मला आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही, चहासुद्धा डाव्या हाताने प्यायले.

नंतरचे दिवस दवाखान्यातले. पहाटे पुसायला येणारी मावशी, तिची फिनाईलची बादली, सातचा चहा, नऊचा राउंड. "गॅस पास झाला का?" हा प्रश्न मला आयुष्यात इतक्या लोकांनी विचारला नव्हता. नगर जिल्ह्यातली बाई पोटातला वारा सरल्याची बातमी चारचौघांत सांगते आणि सगळे खूश होतात, हे तिथेच घडू शकतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझा परकर रक्ताने डागाळला. सोनाली घरी गेली होती. मी तो गुंडाळून कॉटखाली सरकवला. डोळा लागला. जाग आली तर परकर जागेवर नाही. खिडकीतून मागची मोरी दिसत होती. आमचे हे तिथे उकिडवे बसून तो धूत होते. साबण लावून, घासून, पिळून. ज्या माणसाने लग्नापासून माझ्या अडचणीच्या दिवसांत माझ्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं, तो. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये. हा विषय आमच्यात आजवर निघालेला नाही आणि मी तो काढणारही नाही.

शेक घ्यायचे का

रिपोर्ट आला. गाठींमध्ये काही नव्हतं, पण पिशवीच्या भिंतीत कॅन्सर बराच खोल गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेडिएशन घेतलं तर परत येण्याची शक्यता कमी होईल. त्याचे त्रासही आहेत. ते त्यांनी एकेक करून सांगितले. मग म्हणाल्या, "मंगलताई, तुम्ही ठरवा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय."

मला चीड आली. शिकलेल्या तुम्ही, आणि ठरवायचं मी? नगरला जायचं हे मी ठसक्यात सांगितलं होतं, कारण समोर भावकी होती. आता समोर कुणीच विरोध करणारं नव्हतं तर मला काही सुचेना. आमच्याकडे बाईला हट्ट करता येतो, ठरवायची सवय नसते. दोन दिवस मी ते मनात घोळवत राहिले. शेवटी एकच गोष्ट स्वच्छ दिसली. शेक घेऊन त्रास झाला तर तो मला सोसता येईल. न घेता पुन्हा आजार आला तर "घेतले असते तर" हे मला सोसणार नाही. दुसरीला याच्या उलट वाटू शकेल, तिचंही बरोबर असेल. पण माझं उत्तर मला मिळालं, आणि ते सांगायला मी एकटी आत गेले.

बाकावर

रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात, काही जणी लाईट म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, महिन्याच्या वर. मी सोनालीकडे राहिले. पोटावर शाईच्या रेघा मारल्या होत्या, शिंप्याने खडूने माराव्यात तशा. त्या पुसायच्या नाहीत. शेक घेण्याआधी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी रोखून बसायचं, म्हणजे आतले अवयव बाजूला राहतात. पुरुष मंडळी चुळबुळ करायची. आम्ही बायका निवांत. लग्नघरात, शेतात, एसटीत, जन्मभर दुसरं काय केलं होतं?

तिथे गयाबाई भेटली. पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आणि दिसायला माझ्याएवढी. तिला छातीचा कॅन्सर होता. आमचे नंबर मागेपुढे असायचे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुमचा कशाचा?"

"पिशवीचा."

"माझी तर कव्हाच काढली. लेकरं झाली का लगेच. टोळीतल्या समद्या बायांच्या काढल्यात. पाळीचं दुखणं घिऊन कोयता चालत न्हाई, खाडा पडतो." ती अगदी सहज सांगत होती. "डॉक्टर म्हनला, ठिवली तर क्यान्सर व्हईल. म्हून काढली. आता बघा, व्हायचा तिथं झालाच की."

आणि ती हसली. मग मला हसू आलं, आणि दोघी हसायला लागलो की थांबेना. हसताना लघवी रोखणं अवघड असतं, म्हणून सिस्टर ओरडली.

गयाबाईपुढे मला घाबरता येत होतं. मी म्हणायचे, आज मला मेल्यासारखं वाटतंय. ती म्हणायची, "मला बी. पन आदी नंबर तुमचा हाय, आदी तुमी जावा." पिशवी काढल्यानंतर काय झालं तेही तिने सांगितलं. अंगाची आग व्हायची, झोप उडाली, हाडं कुरकुरायला लागली. ओझं उचलवेना. नवरा म्हणायचा, कामचुकार झालीस. "म्या म्हातारी झाले तव्हा माझं थोरलं पोरगं दुसरीला व्हतं," ती म्हणाली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पिशवीबरोबर पुष्कळदा अंडाशयही काढून टाकतात, मग असंच होतं.

हे ऐकताना मला शकू आठवली. पस्तिशीच्या आतच ती कंबर धरून चालायची. तण भांगलायला गेली की बांधावर बसायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो. मीही म्हणायचे.

गयाबाईचे शेक माझ्याआधी संपले. जाताना तिने माझ्या हातात बाजरीच्या भाकरीचे कडक वाळवलेले तुकडे दिले. "जुलाबाला बरं असतंय," म्हणाली. बरं असतं की नाही माहीत नाही, मी सगळे खाल्ले.

जे कुणी सांगत नाही

बाहेरून शेक झाल्यावर आतूनही शेक देतात. कुठून, ते बायकांना वेगळं सांगायला नको. मला हे आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं आणि मी लाजेने ऐकलं नाही. खोलीत आपण एकट्या असतो, यंत्र आवाज करतं, हलायचं नसतं. दुखण्यापेक्षा संकोच जास्त. मी अंगणवाडीतली गाणी मनात म्हणत पडून राहिले. त्यानंतर काही महिने आत कोरडेपणा राहतो, लघवीला जळजळ होते, नवरा-बायकोचं नातं थोडं लांब जातं. डॉक्टरांना विचारलं की त्यावर उपाय सांगतात, पण विचारावं लागतं. मी चार वेळा दारातून परत फिरले आणि पाचव्यांदा विचारलं. तुम्ही पहिल्यांदाच विचारा.

घरी आल्यावर थकवा गेला नाही. उजवा पाय सुजायचा. मी एकदम बरी होईन असं घरच्यांना वाटत होतं, आणि मला तसं दाखवावं लागायचं. शकू रोज यायची. न बोलता भांडी घासायची, माझे पाय उशीवर ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी शेण काढल्याची गोष्ट पुन्हा सांगायची. पावसाळ्याच्या अखेरीस मी अंगणवाडीत परत गेले. आता दर काही महिन्यांनी तपासणी असते. आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. आजवर सगळं ठीक आहे.

तर रोहिणी, मला पिशवी ठेवल्यामुळे कॅन्सर झाला नाही. आणि मी वाचले ती आधी तपासलं म्हणून. तुझं अजून कुणी काहीच तपासलेलं नाही.

सोमवार

वरचं सगळं लिहून मी रोहिणीला दिलं. ते तिच्याआधी तिच्या सासूने वाचलं. शकू सातवी शिकली आहे, बोट फिरवत वाचते. दुपारी ती तणतणत आली.

"आक्का, माझं कशाला लिवलं ह्यात? कंबर धरून चालायची म्हनं! आन तुमी वाचल्या त्या काढली म्हनूनच ना?"

"तपासून काढली, शकू. कॅन्सर होता म्हणून काढली. रोहिणीला काय आहे?"

"डॉक्टर म्हनले पुढं व्हईल."

"पुढे तर छातीचाही होऊ शकतो. तीही काढायची का?"

मी म्हणाले, सोमवारी काढायची तर काढा, पण त्याआधी एकदा नगरला दाखवा. सोनोग्राफी करू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या काढा तर मी स्वतः तिच्या उशाशी बसेन. शकूने पदर खोचला आणि निघून गेली. दिरांनी ह्यांना डेअरीवर ऐकवलं, की तुमच्या घरातल्या बाया लई शान्या झाल्यात. मला वाटलं, संपलं. कुणी ऐकत नाही.

सोमवारी सकाळी दारात शकू उभी. नवी साडी, मागे रोहिणी. "चला," म्हणाली. "एसटी चुकंल."

नगरला डॉक्टरीणबाईंनी रोहिणीला नीट तपासलं. सोनोग्राफी केली. मग आम्हा तिघींना समोर बसवून म्हणाल्या, "पिशवी अगदी चांगली आहे. साधा जंतुसंसर्ग आहे. गोळ्या देते. आणि ह्या गोळ्या नवऱ्यालाही घ्यायच्या आहेत."

"त्याला कशाला?" शकू दचकली. "त्याचं कुटं दुखतंय?"

रोहिणी खाली मान घालून हसली. किती दिवसांनी मी तिला हसताना बघितलं. ती उठली, मी उठले. शकू उठली नाही.

"बाई," ती डॉक्टरांना म्हणाली, "एक इचारू का? माझी काढली तवा मी तीस वर्सांची हुते. मला बी पांढरंच जात हुतं. हिच्यावानीच. मग माझी कशापायी काढली असंल?"

"तेव्हाचे काही कागद, रिपोर्ट?"

"न्हाई. काढल्यावर ताटात घालून आमच्या ह्यांना दावली. मला न्हाई दावली."

"आता कसं सांगणार, ताई."

"तुमच्या अंदाजानं सांगा की." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "चांगली असंल का वो ती?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी तिला आळशी म्हणत आले होते.

"असू शकेल," त्या हळूच म्हणाल्या.

शकूने मान हलवली. मग उठून रोहिणीचा हात धरला, आणि औषधाच्या दुकानात पोहोचेपर्यंत सोडला नाही.